शेगावची कचोरी, वानचं पाणी

शेगाव म्हटलं की आपल्या डोक्यात दोनच गोष्टी. गजानन महाराज आणि कचोरी. दर्शन, कचोरी, रिटर्न तिकीट, बास! पण या वेळी हातात एक दिवस जास्त असेल, तर गाडी ठरवा आणि उत्तरेकडे निघा, वरवट बकालच्या रस्त्यानं.

पूर्णा ओलांडली की सपाट काळी जमीन, कपाशी आणि समोर सातपुड्याची निळसर रेघ. दिसायला एकदम मस्त. पाणी मात्र पिऊन बघा! हा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या काठानं पसरलेला. गाळाच्या जुन्या थरांत क्षार साठलेत, त्यामुळे विहीर खोदा नाहीतर बोअर मारा, पाणी खारंच. प्युरिफायर विकताना सेल्समन 'टीडीएस, टीडीएस' करतो ना, तेच हे. लिटरला ५०० मिलिग्रॅम ठीक, दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत, असं आपलं मानक सांगतं. इथले कित्येक हापसे तीही रेघ ओलांडतात.

संग्रामपूर तालुक्यातल्या एका घरी मी हट्टानं हापशाचंच पाणी मागितलं. एक घोट घेतला आणि चेहरा लपवता आला नाही. मावशी हसल्या. "डाळ शिजत नाही ना बाप्पा याच्यात. चहाही खारा होते." मग हसू थांबवून त्यांनी शेजारच्या घराकडे बोट केलं. तिथे डायलिसिस चालू होतं. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतले किडनीचे पेशंट वर्षानुवर्षं बातम्यांत येतात आणि गावकरी पाण्यालाच दोष देतात.

यावर सरकारचं मोठं उत्तर म्हणजे वान धरण. अकोला-बुलडाण्याच्या सीमेवर, वारीजवळ. मेळघाटच्या जंगलातून येणारं हे गोड पाणी १४० गावांच्या योजनेतून या दोन तालुक्यांसाठी आणलंय. त्यात १५ ऑगस्ट २०१९ ला जलजीवन मिशन जाहीर झालं. घरोघरी नळ, माणशी रोज ५५ लिटर. (आपला शॉवर किती पितो? जाऊ दे.) मुदत होती २०२४ ची. २०२५ च्या बजेटमध्ये ती २०२८ पर्यंत गेली.

मला विचाराल तर गावोगावच्या आरओ प्लांटपेक्षा पाइपलाइनच बरी. आरओ जे खारट पाणी बाहेर टाकतो, ते शेवटी त्याच जमिनीत मुरतं. पण धरण बांधलं होतं शेतीसाठी. पिण्याची नवी योजना आली की तेल्हाऱ्याकडचे शेतकरी अस्वस्थ होतात, आणि त्यांचंही चुकत नाही.

मावशींच्या घरात दोन हंडे. एक हापशाचा, धुण्याभांड्याला. दुसरा वानच्या नळाचा, झाकण घातलेला. निघताना माझी बाटली त्यांनी त्या दुसऱ्यातून भरली. नको म्हटलं तर म्हणाल्या, "पावना हायेस ना भाऊ."

कसं जाल : मुंबईहून रात्रीची विदर्भ एक्सप्रेस, पहाटे शेगाव. वारीचा हनुमान आणि धरण एकाच फेरीत होतं. कचोरी परतताना घ्या, गरम मिळते.