विजेतेपदानंतर

१२ जानेवारी २०२५, औरंगपुरा
पुतणी आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉलचं विजेतेपद घेऊन आली. पदक टेबलावर ठेवलं, बूट काढले. डाव्या बुटाचा तळ अंगठ्याखाली पार गुळगुळीत झालेला; त्याच पायावर ती पिव्हट घेते. वहिनींनी दृष्ट काढली आणि विचारलं, "आता पुढं काय?" पुतणीचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. उन्हाळ्यानंतर ना संघ, ना प्रशिक्षक.

१४ जानेवारी, संक्रांत
नामविस्तार दिन. विद्यापीठाच्या गेटकडं सकाळपासून माणसांची रीघ. तिळगूळ घेऊन आलेल्या पुतणीच्या सरांनी शिरीन लिमयेचा विषय काढला. पुण्याची मुलगी, २०१७ साली बेंगळुरूत 'ब' गटाचा आशिया चषक जिंकणाऱ्या संघात होती, पुढं भारताची कर्णधार झाली. आपल्याकडं बास्केटबॉलपटू मार्गी लागतो तो रेल्वे, पोलीस नाहीतर बँकेच्या क्रीडा कोट्यातून. पगार, सराव, संघ एकाच ठिकाणी मिळतो. ही वाट मानाची आहे. पण जागा मोजक्याच.

१७ जानेवारी
अमेरिकेत आज 'अनरायव्हल्ड' ही महिलांची नवी बास्केटबॉल लीग सुरू होतेय. तिच्या दोन संस्थापकांपैकी एक ब्रिआना स्टुअर्ट. कनेटिकट विद्यापीठासाठी तिनं २०१३ ते २०१६ अशी सलग चार विजेतेपदं जिंकली आणि व्यावसायिक निवडीत पहिल्या क्रमांकावर सिएटलकडं गेली. तरी मायदेशातल्या उन्हाळी हंगामाचा पगार तोकडा, म्हणून हिवाळ्यात रशियातल्या कुर्स्कच्या संघाकडून खेळायची. एप्रिल २०१९ मध्ये युरोलीगच्या अंतिम सामन्यात टाचेमागची शीर तुटली. सिएटलचा सबंध हंगाम हुकला. २०२० मध्ये परतून तिनं सिएटलला पुन्हा जिंकून दिलं. आता नफीसा कॉलियरसोबत घरच्या घरी हिवाळी लीग उभी केली. तीन विरुद्ध तीन असा खेळ, आणि मालकीत खेळाडूंचा हिस्सा.

१८ जानेवारी
वहिनींशी सविस्तर बोललो. क्रीडा कोट्याच्या जाहिरातींवर लक्ष ठेवायचं, सराव मोडू द्यायचा नाही, असं ठरलं. पण एवढ्यावर भागणार नाही. आपल्याकडं पाच-पाच खेळाडूंची इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग झाली, तीही पुरुषांची. मुलींसाठी पगारी हंगाम हवा, दरवर्षी ठरल्या महिन्यांत होणारा. महाविद्यालयं विजेत्या घडवतात. त्यांना खेळावर पोट भरता येईल अशी जागा उभी करणं हे बास्केटबॉल संघटनेचं आणि उद्योजकांचं काम आहे. तसं पत्र राज्य संघटनेला उद्याच लिहितो. सरांचीही सही घेणार आहे.