खळ

मूठभर साबुदाणा पाण्यात भिजत घालावा. दाणे फुगले की आणखी पाणी घालून ते मंद आचेवर शिजवावेत आणि पळीने सारखे ढवळीत राहावे. पांढरे दाणे हळूहळू काचेसारखे होऊ लागतात, पाणी दाटत जाते आणि फडक्यातून गाळल्यावर स्वच्छ, दाट व चिकट असा द्रव भांड्यात उतरतो. हीच खळ. हिच्यात बुडवून वाळविलेले धोतर इस्त्रीखाली कसे ताठ होते! पतंगाचा कागद कामटीला चिकटतो तोही खळीनेच.

खळ करणे सोपे वाटले, तरी त्यात एक मर्म आहे. पिठाचे सूक्ष्म कण गार पाण्यात नुसते तळाशी बसतात. उष्णता मिळताच ते पाणी शोषून फुगतात आणि पाणी दाट होते. पीठ एकदम उकळत्या पाण्यात टाकले, तर त्याच्या गुठळ्या होतात. कारण गुठळीचा बाहेरचा थर शिजतो व आतले पीठ कोरडेच राहते. म्हणून जाणती गृहिणी पीठ आधी गार पाण्यात कालविते.

परंतु साबुदाणा, तांदूळ, गहू हे सारे अन्न होय. जेथे अन्नाचीच वाण आहे, तेथे ते सुताला कोण पाजणार?

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेस महाबळेश्वरी पाऊस धो धो कोसळतो. पूर्वेस माण तालुक्यापर्यंत येता येता तो जणू थकून जातो. माण आणि त्याला लागून असलेला सांगली जिल्ह्यातील आटपाडीचा भाग हा दुष्काळी माणदेश. येथे मेंढ्या राखून माणसे जगत आली. धनगरांनी मेंढ्यांची लोकर कातरावी, बायकांनी ती कातावी आणि सणगरांनी मागावर तिची घोंगडी विणावी, असा म्हसवडसारख्या गावांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग.

लोकरीचे सूत खरबरीत व तंतुमय असते. ते तसेच मागावर चढविले, तर फणीत घासून तुटते. एक धागा तुटला की माग थांबतो. पुन्हा पुन्हा तुटला की दिवसाची मजुरी बुडते. म्हणून ताणा उघड्यावर ताणून त्याला कुंच्याने खळ लावतात. हिला पांजणी म्हणतात. खळीने मोकळे तंतू धाग्याला चिकटून बसतात व धागा बळकट होतो.

ही खळ मात्र धान्याची नसते. ती चिंचोक्याची असते. चिंच फोडून गर काढला की चिंचोके उरतात. मुले भाजून खातात, फोडून त्यांचे फासे करतात. बाकीचे उकिरड्यावर जातात. विणकराच्या घरी मात्र ते साठवितात. भाजून त्यांचे तपकिरी टरफल काढायचे, आतला पांढरा भाग भिजवून वाटायचा आणि पाण्यात शिजवायचा. ही खळ साबुदाण्याच्या खळीइतकी निर्मळ दिसत नाही. पण धाग्याला ती घट्ट धरते. शिवाय तिच्यासाठी कोणाच्याही ताटातील भाकरी कमी होत नाही. १९७२ च्या दुष्काळासारखी वर्षे पाहिलेल्या मुलखात या गोष्टीचे मोल सांगावयास नको.

१९४२ साली घोष व कृष्णा या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी चिंचोक्याच्या गरात जवळजवळ निम्मा भाग दाटपणा आणणाऱ्या द्रव्याचा असतो, असे जाहीर केले. पुढे चिंचोक्याचे पीठ मोठमोठ्या कापडगिरण्यांतही सुताला लावण्यासाठी वापरले जाऊ लागले. माणदेशातील निरक्षर विणकराला त्या द्रव्याचे नाव ठाऊक नव्हते. त्याचा गुण मात्र त्याच्या बोटांना ठाऊक होता.

आज गिरणीतील ब्लँकेटे स्वस्त मिळतात आणि हातमाग थोडे उरले आहेत. तरीही माळावर थंडीवाऱ्यात मेंढ्यांमागे उभा असलेला मेंढपाळ खांद्यावरचे घोंगडे अंगाभोवती ओढून घेतो. त्या घोंगड्यात मेंढीची लोकर आहे आणि विणकराचे कष्ट आहेत, हे सहज ध्यानात येते. त्यात कोणी तरी टाकून न देता जपून ठेवलेले मूठभर चिंचोकेही आहेत, हे मात्र मुद्दाम सांगावे लागते.