तुकोबांचा पूल



रेव्हरंड नारायण वामन टिळक सांगत, की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायाशी पोहोचलो. हे ऐकून आपल्यातले काही जण दुखावतात. पूल आमचा आणि माणूस पलीकडे गेला, असे त्यांना वाटते. मला त्यात तुकोबांची थोरवीच दिसते.

टिळकांचा जन्म 1861 सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातला. 1895 मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला, पण अभंग आणि कीर्तन सुटले नाही. चर्चमध्येही त्यांनी तेच नेले. ‘अभंगांजली’ नावातच ते दिसते. पण माझे मन अडकते ते 1917 सालाशी. त्या वर्षी त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे भाऊ म्हणून जागा. उतारवयात हातची भाकरी सोडून असे काही मांडणे सोपे नाही, माउली! दोनच वर्षांत, 1919 च्या मे महिन्यात, ते गेले.

त्यांच्या आधी इंग्लंडात फ्रेडरिक मॉरिस नावाचे धर्मोपदेशक होऊन गेले. ख्रिस्त नुसत्या श्रद्धावंतांचा नव्हे, सगळ्या माणसांचा धनी आहे, ही त्यांची शिकवण. पापी माणसाच्या शिक्षेला अंत नाही, हे मत त्यांनी नाकारले, तेव्हा 1853 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजातली जागा गेली. पुढच्याच वर्षी त्यांनी कामगारांसाठी कॉलेज काढले.

हे आठवायला कारण आहे. आमच्या थेरगावात बीड, लातूर, बुलढाण्याकडची पोरे कारखान्यांत कंत्राटावर राबतात. शिफ्ट सुटली की हरिपाठाला येतात. पुष्कळांच्या गळ्यात माळ नाही. कॅन्टीनच्या ताटात एकादशी कुठून सांभाळणार? त्यांतला एक पखवाज फार गोड वाजवतो. आषाढीच्या दिंडीत त्याला पखवाज द्यावा का, यावर मंडळात दोन आठवडे वाद चालला. वीणा माळकऱ्याकडेच असावी, हे मलाही मान्य आहे. शिस्तीवाचून दिंडी चालत नाही. पण रोज हरिपाठ संपला की आपण एकमेकांच्या पाया पडतो. तेव्हा कोणी समोरच्याचा गळा तपासून वाकतो का? हे मी बैठकीत विचारले. जुन्या मंडळींपैकी दोघे अजून गप्प आहेत. पखवाजाला मात्र काल त्या पोरानेच शाई भरून आणली.