सोन्यावरची दाटी

०.०५ मायक्रॉनच्या अ‍ॅल्युमिनाने भिजलेल्या मखमलीवर सोन्याचा इलेक्ट्रोड इंग्रजी आठाच्या आकड्यात फिरवीत राहावे, आणि त्याच्या तोंडावर खिडकीची चौकट स्वच्छ उमटली की थांबावे, हा माझा वर्षानुवर्षांचा शिरस्ता हाताला सुटलेल्या कंपाने मोडला. आता ते काम माझी विद्यार्थिनी करते. आणि सोने किती निर्मळ झाले हे दाखविणारा सल्फ्युरिक आम्लातील तिचा आलेख माझ्याहून रेखीव उतरला की मला आनंदाच्या आधी मत्सर वाटतो. हाताच्या या लौकिकाची मला हयातभर हौस होती.

परंतु सोने कितीही निर्मळ झाले तरी पाण्यातले जंतू त्यांच्या डीएनएवरून ओळखण्याच्या आमच्या कामातली मूळ अडचण जागची हलत नाही. गंधकाच्या टोकाने बांधलेले डीएनएचे एकेरी धागे विरळ पडले तर ते सोन्यावर आडवे निजतात. त्यांना उभे करण्यास मर्कॅप्टोहेक्सॅनॉल आहे, आणि हर्न व टार्लोव यांनी १९९७ मध्ये दाखविलेली ती युक्ती आजही चालते. दाटीवर मात्र असा उतारा नाही. घन पेरलेल्या तुरीत कोळप्याला वाट मिळू नये, तसे हे ऋणभारित धागे येणाऱ्या पूरक धाग्याला आत शिरू देत नाहीत. जॉर्जियाडिस व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मोजले, तेव्हा चौरस सेंटिमीटरमागे सुमारे २ लक्ष कोटी धागे असता जवळजवळ सर्वांना जोडीदार मिळाला. दाटी वाढताच दहांत एखाद्यालाच. रुथेनियमच्या धनभारित संयुगाने या धाग्यांची शिरगणती करता येते खरी, पण तीत उतरते ती सरासरी. धागे सारखे पसरले आहेत की जागोजागी झुंडीने उभे आहेत, हे तिला कळत नाही, आणि माझ्या मते सारा घोटाळा तेथेच आहे.

१९६० मध्ये ब्रनो येथील पालेचेक यांनी पाऱ्याच्या इलेक्ट्रोडवर डीएनएच्या विद्युत्-खुणा प्रथम ओळखल्या, त्या काळाच्या मानाने साधने अतोनात सुधारली. धीर मात्र आटला. ज्याच्या दप्तरी केवळ स्वच्छ बफरमधले आकडे आहेत, त्याच्या शोधमर्यादेवर माझा विश्वास बसत नाही. त्याने गाणगापुरास यावे आणि पावसाळ्यात भीमा-अमरजेच्या संगमावरचे गढूळ पाणी बाटलीत भरून न्यावे. माझ्या रचनेत धाग्याच्या टोकाशी मेथिलीन ब्लू असते व पूरक धागा भेटला की प्रवाह घटतो. पण काळ्या मातीतले सेंद्रिय द्रव्य सोन्यावर बसले तरीही प्रवाह घटतोच, आणि जेथे जंतूचा मागमूस नाही तेथे जंतू सापडल्याचा दाखला मिळतो.

"सर, विजोड धाग्याचा इलेक्ट्रोड शेजारी ठेवून दोन्ही एकाच पाण्यात बुडवू, आणि फरक तेवढा घेऊ," असे माझी विद्यार्थिनी म्हणते, आणि त्यासाठी तिला छापील पट्ट्या हव्या आहेत, कारण त्यांवर दोन्ही इलेक्ट्रोड जोडीने छापून मिळतात. ज्या सोन्याला कुणी हाताने घासलेच नाही, ते पाहून माझे मन अजून खट्टू होते. युक्तिवाद तिचा बिनतोड आहे. तरी छापलेले सोने खडबडीत असते, आणि त्याचे खरे क्षेत्रफळ हाती आल्याखेरीज धाग्यांच्या शिरगणतीला काही अर्थ उरत नाही. म्हणून पट्ट्या मागव, पण धागा चढविण्यापूर्वी प्रत्येकीचे क्षेत्रफळ आम्लात मोज, एवढे मी तिला बजावले आहे.