अण्णांच्या वहीचा खुलासा

मिरज

चि. सौ. बेबीस,


मे महिन्यात तू येथे आली असताना माडीवरच्या कपाटातील जी लाल बांधणीची फुलस्केप वही तुझ्या दृष्टीस पडली आणि जिच्या पानांची छायाचित्रे तू जर्मनीस परतताना सोबत नेलीस, तिच्याविषयी तू केलेल्या पृच्छेचा सविस्तर खुलासा करणे मला अगत्याचे वाटते. कारण ती वही लिहिली गेली त्या काळी तू शिक्षणानिमित्त वसतिगृहात होतीस, आणि ती लिहिणारे तुझे आजोबा, म्हणजे अण्णा, आज तुझ्या शंकेचे निरसन करावयास हयात नाहीत.

२००८ सालच्या उत्तरार्धात झी मराठीवर ‘सा रे ग म प लिटल चॅम्प्स’ हे मुलांचे पर्व सुरू झाले. मामलेदार कचेरीत अव्वल कारकून म्हणून उभी हयात घालवलेल्या अण्णांचा शिरस्ता असा, की बातम्या संपल्या की टीव्ही बंद. परंतु एका रात्री झोपावयास माडीवर जात असता कुणा चिमुरड्या गळ्यातून निघालेले नाट्यपद कानी पडले आणि ते जिन्यातच थबकले, ते पद संपेपर्यंत तेथेच कठड्याला धरून उभे राहिले. पुढल्या आठवड्यापासून कार्यक्रमाच्या आत जेवणे उरकावीत असे फर्मान निघाले, आणि त्या वेळात येणारे दूरध्वनी परतवून लावण्याची मुखत्यारी तुझ्या धाकट्या चुलतभावाकडे सोपवण्यात आली.

वही आली ती त्यानंतर. तारीख, गाणारे मूल, गीत, कवी, संगीतकार, परीक्षकांचा स्वर, घरचा स्वर आणि शेरा असे रकाने त्यांनी पट्टीने आखले. ‘स्वर’ अशासाठी, की अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत हे परीक्षक गुण आकड्यांत न देता सरगमेत देत. ‘नी’ मिळाला की घरात आनंद, आणि क्वचित ‘वरचा सा’ मिळालाच तर तुझी आजी देवापुढे साखर ठेवी. तू ज्याचे छायाचित्र घेतलेस तो ‘विद्युत्पुरवठा खंडित, सबब तहकूब’ हा शेरा भारनियमनाच्या दिवसांतला आहे. ‘शब्द स्वच्छ, अंतऱ्यात श्वास अपुरा’ यांसारखे शेरे वाचताना मला आजही नवल वाटते, कारण गाण्याचे रीतसर शिक्षण न घेतलेला हा गृहस्थ केवळ लक्षपूर्वक ऐकून तेथवर पोहोचला होता. वादकांकडेही त्यांचे दुर्लक्ष नसे. कमलेश भडकमकर यांच्या वाद्यवृंदासाठी त्यांनी समासात स्वतंत्र जागा राखून ठेवली होती.

वाद झाले नाहीत असे नाही. ‘शुक्रतारा’ची चाल यशवंत देवांची, असे अण्णांनी एकदा निःशंकपणे नोंदले, आजीने स्वयंपाकघरातूनच हरकत घेतली, की ती खळ्यांची. पाडगावकरांचे शब्द आणि अरुण दाते यांचा आवाज देवांच्या गाण्यांतही असल्यामुळे दावा सहजी निकालात निघेना. अखेर माळ्यावरच्या पेटीतून जुनी कॅसेट पुराव्यादाखल रुजू झाली, श्रीनिवास खळे यांचे नाव सर्वांसमक्ष वाचण्यात आले, आणि अण्णांनी मूळ नोंदीवर तांबड्या शाईची रेघ ओढून बाजूस सही केली. ज्या घरात आदले वर्षभर वाटणीच्या बोलण्यावाचून दुसरा विषय नव्हता, त्या घरात माणसे चालींवरून भांडू लागली, ही माझ्या मते त्या पर्वाची सर्वांत मोठी कमाई.

अखेरीस पाच मुले उरली आणि त्यांना ‘पंचरत्न’ हे नाव पडले: आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, रत्नागिरी जिल्ह्यातील आरवलीचा प्रथमेश लघाटे, लातूरचा रोहित राऊत आणि साऱ्यांत धाकटी, जिला सगळे ‘मॉनिटर’ म्हणत ती अलिबागची मुग्धा वैशंपायन. मते मोबाइलवरून संदेश धाडून द्यावयाची होती, आणि येथे अण्णा अडले. ज्याच्यापाशी पैसे अधिक त्याची मते अधिक, ही पद्धत त्यांना मुळीच मान्य नव्हती. मुलांनी चोरून संदेश पाठवले ते निराळे. ८ फेब्रुवारी २००९ रोजी कार्तिकी विजयी ठरली. वडील कल्याणजींकडून लाभलेला भजनी परंपरेचा तो खणखणीत आवाज साऱ्यांनाच मान्य होता. तरी आजीचा कौल आर्याला, अण्णांचा प्रथमेशला, असे घरचे मत दुभंगलेलेच राहिले आणि वहीत दोन्ही निकाल शेजारी शेजारी दर्ज झाले.

ही मुले पुढे मोठी झाली, २०२१ च्या पर्वात स्वतःच परीक्षकांच्या आसनावर बसली, आणि २०२३ साली प्रथमेश व मुग्धा यांचा विवाह झाला तेव्हा तुझ्या आजीने आपल्याच नात्यातले कार्य असल्यासारखे शेजारी पेढे वाटले.

तुझ्या कन्येस तेथील मराठी मंडळाच्या गायनस्पर्धेत घालावे किंवा कसे, असेही तू विचारले आहेस. मुलांच्या स्पर्धांविषयी माझे मन पूर्णतः निःशंक नाही. आठ-दहा वर्षांचे मूल साऱ्या महाराष्ट्रासमक्ष स्पर्धेतून बाद होऊन डोळे पुशीत असता आपण ते कौतुकाने पाहावे, हे मला तेव्हाही रुचले नाही. तथापि त्याच कार्यक्रमाने आपल्या घरी चार पिढ्यांची गाणी एका बैठकीत ऐकवली, हेही नाकारता येत नाही. तेव्हा तिला अवश्य पाठव. मात्र आधी वर्षभर तिच्या शेजारी बसून गाणी ऐक, ती कुणाची व कुणी बांधली ते तिला सांग, आणि निकालाच्या दिवशी तिचा क्रमांक विचारण्याआधी इतर मुलांपैकी कुणाचे गाणे तिला आवडले ते विचार.

 पत्रोत्तर सवडीने धाडावे.

तुझा,
अप्पाकाका