ठग कोणास म्हणावें ?

गुरुवारीं छावणींतील बाजारास जाणें हा आमच्या घरचा जुना परिपाठ. खाम नदीवरचा लोखंडी पूल ओलांडला, कीं मुलांना खाऊचे आणि वडीलधाऱ्यांना घासाघीस करण्याचे वेध लागतात. गेल्या आश्विनांत आम्ही, आमच्या आत्याबाई आणि इंग्रजी शाळेंत जाणारा धाकटा पुतण्या असे तिघेजण गेलों होतों. मेथी-कोथिंबीर झाली, भेंडी झाली, आणि शेवटीं एका पारधी बाईच्या टोपलीपुढें आत्याबाई बसल्या. डझनभर सीताफळें त्यांनीं एकेक दाबून निवडलीं. पैसे देण्यासाठीं आम्हीं खिशांत हात घातला, तों पाकीट नाहीं !

पुतण्यानें क्षणाचाही विलंब लाविला नाहीं. बाईकडे बोट करून तो म्हणाला, "काका, हे लोक थग्ज असतात. पोलिसांना बोलवा." आत्याबाईंच्या कानांनीं त्यांतला तेवढा एक शब्द उचलला. "ठकविलेंन् काय रे ? मला वाटलेंच. बारा म्हणून अकराच घातलीं असतील," असें म्हणून त्यांनीं फळें पुन्हां मोजावयास घेतलीं. तीं तेरा भरलीं. बाईनें वर एक घातलें होतें. ती कांहीं बोलली नाहीं. सारीं फळें उचलून तिनें परत टोपलींत ठेवलीं. थग म्हणा कीं ठग म्हणा, तो शब्द ओळखावयास तिला इंग्रजी शाळेची गरज नव्हती. आम्हीं पुतण्यास गप्प बसविलें नाहीं, कारण खरें सांगावयाचें तर संशय आमच्याही मनांत येऊन गेला होता.

घरीं येऊन मेथी निवडावयास काढली, तेव्हां पिशवीच्या तळाशीं पाकीट सांपडलें. भाजीचे पैसे देऊन आमच्याच हातानें तें तेथें पडलें होतें.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर ओटीवर वाद निघाला, तो मात्र शब्दाच्या अर्थावरून. पुतण्या म्हणे, थग म्हणजे दंडेली करणारा, मारझोड करणारा गुंड. आत्याबाई म्हणत, ठक म्हणजे गोड बोलून फसविणारा. 'ठकास महाठक' ही म्हण काय उगाच झाली? गंमत अशी, कीं दोघांचेंही खरें होतें. मूळ संस्कृत धातु 'स्थग्', म्हणजे झांकणें, लपविणें. सभा 'स्थगित' झाली असें आपण म्हणतों, तो शब्दही ह्याच घराण्यांतला. आपला मराठी ठक त्या मुळाशीं इमान राखून आहे. तो हात उगारीत नाहीं, डोळ्यांत धूळ टाकतो. वाटसरूंशीं सलगी करून, चार मुक्काम त्यांच्यासंगें करून, मग रुमालानें गळा आवळणारे जे ठग इतिहासांत सांगितले जातात, त्यांचेंही मुख्य शस्त्र विश्वासघात हेंच होतें.

हा शब्द विलायतेस पोंचविण्यांत आमच्या गांवाचाही थोडा हात आहे. मेडोज टेलर नांवाचा सोळा वर्षांचा इंग्रज पोर १८२४ सालीं निजामाच्या फौजेंत नोकरीस लागून औरंगाबादेस आला. पुढें १८३९ सालीं त्यानें अमीर अली नामक ठगाच्या तोंडून वदविलेली कादंबरी लंडनमध्यें प्रसिद्ध केली, आणि 'थग' शब्द तिकडच्या वाचकांच्या जिभेवर बसला. काळाच्या ओघांत त्यांतली फसवणूक गळून पडली, दांडगाई तेवढी उरली. कैक वर्षांनीं तोच शब्द शाळेच्या दप्तरांतून आमच्या घरीं परत आला. अशा रीतीनें पुतण्याच्या मतें दांडगी आणि आत्याबाईंच्या मतें लबाड ठरलेली ती बाई ह्यांतली कोणीच नव्हती.

परंतु शब्दाचा अर्थ बदलला एवढेंच असतें, तर आम्हीं लेखणी हातीं धरली नसती. स्लीमनसाहेबांनीं ठगांचा बंदोबस्त आरंभिला, तेव्हां १८३६ सालीं कंपनी सरकारनें एक कायदा केला. अमका खून अमक्यानें केला, हें सिद्ध करण्याची त्यांत आवश्यकताच नव्हती. ठगांच्या टोळींतला आहे एवढें सिद्ध झालें, कीं जन्मभर सक्तमजुरी. साक्षीदार बहुधा माफी मिळालेले ठगच. (ठग म्हणून नोंदविलेले सारे खरोखरच ठग होते कीं काय, ह्याविषयीं आजचे इतिहासकार शंका घेतात.) १८६० च्या दंडविधानांतील ३१० वें कलम ठगाची व्याख्या करण्यांत खर्ची पडलें होतें. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत तें राहिलें नाहीं. तो ३१० चा आंकडा आतां दरोड्याच्या वांट्यास आला आहे.

टोळीवरून माणूस ओळखण्याची एकदां संवय लागली, म्हणजे जातीवरून ओळखण्यास कितीसा वेळ लागणार ? १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा आला. पुढें तो मुंबई इलाख्यांतही लागू झाला, आणि सोलापुरास तारेच्या कुंपणांत वसाहत उभी राहिली. तेथें जन्मलेलें मूल पाळण्यांतच गुन्हेगार. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं हा कायदा रद्द झाला आणि ह्या जमातींस 'विमुक्त' हें नांव मिळालें. कायदा गेला, आमच्या ओटीवरून मात्र तो गेला नव्हता, हें त्या गुरुवारीं दिसून आलें.

ह्यांत केवळ इंग्रजांस दोष देऊन भागणार नाहीं. त्यांच्या भाषेंत 'व्हिलन' म्हणजे मूळचा जमीनदाराच्या शेतावर राबणारा खेडूत. वरच्यांच्या तिरस्कारानें त्याचा खलपुरुष झाला. आपणही 'गांवढळ' म्हणतांना कांहीं वेगळें करीत नाहीं. ज्या रामोशांवर गांवाची राखण सोंपविलेली असे, त्यांचेंच नांव घेऊन मुलांना भिवविणारीं घरें आम्हीं लहानपणीं पाहिलीं आहेत. उमाजी नाईकांस इंग्रजांनीं दरोडेखोर ठरवून १८३२ सालीं पुण्यास फांशीं दिलें. आज त्यांस आद्य क्रांतिकारक म्हणून हार घातले जातात. माणूस तोच, नांव ठेवणारा निराळा.

पुतण्या हें सर्व मुकाट्यानें ऐकत होता. शेवटीं म्हणाला, "पण काका, तिला कोण सांगणार ?" आत्याबाई सुपारी कातरीत होत्या, त्यांनीं अडकित्ता खालीं ठेवला.

पुढच्या गुरुवारीं आम्ही तिघेही पुन्हां गेलों. बाई त्याच जागीं बसली होती. आम्हीं म्हटलें, "बाई, गेल्या खेपेस आमचें चुकलें. पाकीट आमच्याच पिशवींत होतें." तिनें मान वर केली, पुतण्याकडे एकदां पाहिलें, आणि विचारिलें, "किती घालूं ?" आत्याबाईंनीं डझनभर सांगितलीं, भाव केला नाहीं, एकही फळ दाबून पाहिलें नाहीं. आम्हीं दिलेली नोट बाईनें उजेडांत धरून उलटसुलट न्याहाळली, आणि मग कनवटीस खोंवली.

घरीं येऊन फळें मोजलीं. बाराच होतीं.