चिरंजीव फौजदारास

परभणी, ऑगस्ट २०२५

प्रिय बाळू,


तुझा लांबलचक मेसेज वाचला. फोनवर दोन ओळींत उत्तर देण्यासारखा तो विषय नव्हता, म्हणून कागद घेतला. नाशिकच्या पोलीस प्रबोधिनीतून आता तू लवकरच बाहेर पडशील. खांद्यावर दोन तारे लागतील आणि कुठल्यातरी ठाण्यात रुजू होशील. आपल्या घरातला पहिला फौजदार तू. मला अभिमान आहे, आणि म्हणूनच तुझं एक वाक्य मनातून जात नाही. तू लिहिलंस, ‘आत्या, पोलिसांवर कोणीही उठून आरोप करतं. बहुतेक खोटेच असतात.’

खोटे आरोप होतात. इतकी वर्षं कोर्टात उभी राहिले, ते मी पाहिलेत. पण कोणता खोटा आणि कोणता खरा हे ठरणार कसं, ते तू लिहिलं नाहीस. माझं म्हणणं एवढंच आहे की ते पुढे हायकोर्टात ठरण्याआधी तुझ्या ठाण्यात ठरतं. रात्री दोन वाजता, स्टेशन डायरीत कोण काय लिहितो त्यावर.

आपल्या परभणीशी जोडलेल्या दोन आयांबद्दल सांगते. त्यांच्या मुलांची दोन्ही नावं तू ऐकलेली आहेत, पण ती एकत्र ठेवून पाहिली नसशील.

ख्वाजा युनूस इथलाच. सॉफ्टवेअर इंजिनीअर, वय सत्तावीस. डिसेंबर २००२ मध्ये घाटकोपरच्या बेस्ट बसमध्ये स्फोट झाला, त्यात ‘पोटा’ कायद्याखाली त्याला धरलं. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं की त्याला तपासासाठी नेताना पारनेरजवळ गाडी उलटली आणि तो पळाला. तो आजतागायत सापडलेला नाही, जिवंतही नाही आणि देहही नाही. सहआरोपींनी कोर्टात सांगितलं की कोठडीत त्याला बेदम मारताना आम्ही पाहिलं. पुढे सीआयडीच्या तपासात पळून गेल्याची गोष्ट रचलेली निघाली. सीआयडीनं चौदा पोलिसांवर ठपका ठेवला. सरकारनं खटला चालवायला मंजुरी दिली ती चौघांपुरती. त्यातला एक सचिन वाझे. २००४ मध्ये निलंबित झालेला हा अधिकारी जून २०२० मध्ये, खटला उभाच असताना, सेवेत परत घेतला गेला. कारण सांगितलं ते कोरोनामुळे मनुष्यबळ कमी पडतं हे. नऊ महिन्यांनी त्याला दुसऱ्याच प्रकरणात अटक झाली, ते साऱ्या देशानं पाहिलं. युनूसच्या आईची बाजू मात्र आहे तिथेच आहे. वीस वर्षं उलटून गेली, त्या खटल्याचा निकाल नाही.

दुसरा सोमनाथ सूर्यवंशी. १० डिसेंबर २०२४ ला आपल्या रेल्वे स्टेशनसमोर, बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी ठेवलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं आणि धरपकड सुरू झाली. सोमनाथ कायद्याचं शिक्षण घेत होता, वय पस्तीस. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, आणि १५ डिसेंबरला मृत्यू. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण आलं. विधिमंडळाच्या अधिवेशनात सांगितलं गेलं की मॅजिस्ट्रेटनं विचारलं तेव्हा त्यानं मारहाणीची तक्रार केली नव्हती. पुढे मॅजिस्ट्रेटच्याच चौकशीनं पोलिसांना जबाबदार धरलं. तरी गुन्हा दाखल होईना. शेवटी त्याच्या आईला हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात जावं लागलं. ४ जुलैला खंडपीठानं गुन्हा दाखल करायचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि ३० जुलैला तिथेही सरकारचं म्हणणं फेटाळलं गेलं. दोषी कोण हे खटल्यात ठरेल, त्याबद्दल मी आज काही म्हणणार नाही. पण एक एफआयआर नोंदवून घ्यायला एका आईला सात महिने आणि दोन न्यायालयं लागली. कोणीही उठून आरोप करतं म्हणालास ना, हे ‘उठणं’ असं असतं.

‘तक्रार केली नव्हती’ या शब्दांपाशी जरा थांब, कारण लवकरच तू आरोपींना घेऊन याच जागी उभा राहणार आहेस. रिमांडचं कामकाज कसं चालतं ते तुला वर्गात शिकवलं असेल. मी पाहिलंय ते असं. अकरा वाजता पुकारा होतो. आरोपीला आत आणतात, हात त्याच शिपायाच्या हातात, ज्यानं त्याला रात्रभर राखलं. तपासी अंमलदार बाजूला कागद घेऊन उभा. मॅजिस्ट्रेटसाहेब मान वर करून विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे?’ तो माणूस आधी शिपायाकडे पाहतो, मग जमिनीकडे, आणि मग ‘नाही’ म्हणतो. रोजनाम्यात ओळ पडते की पोलिसांविरुद्ध तक्रार नाही. पोलीस कोठडी मिळते आणि तोच शिपाई त्याला त्याच गाडीतून त्याच कोठडीत परत नेतो. सगळं मिळून दोनेक मिनिटं. बाळू, त्या ‘नाही’ला पुरावा मानणाऱ्या माणसानं त्या खोलीत आरोपीच्या जागी एकदा उभं राहून पाहावं. ज्याच्या ताब्यात रात्र काढायची आहे त्याच्याविरुद्ध कोण बोलेल?

का मारतात, असं तू विचारशील. वाईट माणसं सगळीकडे असतात, हे उत्तर मला पुरत नाही. मुळाशी तपासाची रीत आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही हे इंग्रजांच्या काळापासून आहे, कारण तो कसा मिळतो हे त्यांनाही माहीत होतं. पण आरोपीनं सांगितल्यावरून काही सापडलं तर तेवढा भाग चालतो. जुन्या पुरावा कायद्यात ते कलम २७ होतं, नव्या अधिनियमात ते २३ मध्येच परंतुक म्हणून आलं. म्हणजे सारा भर मुद्देमालावर. घरफोडी उघडकीला आली पाहिजे, महिन्याच्या क्राइम मीटिंगला आकडा दिसला पाहिजे. गुन्हे शोधणाऱ्या डीबीच्या पथकाकडे फॉरेन्सिकची गाडी वेळेवर येत नाही, पट्टा मात्र हाताशी असतो. आणि तो कोणावर चालतो? आमदाराच्या भाच्यावर नाही. पारध्याच्या पालावर, वडाराच्या पोरावर, ज्याच्यासाठी रात्री कोणी वकील फोन उचलत नाही त्याच्यावर. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये गेला, पण ठाण्यात आजही चोरी झाली की आधी त्याच वस्तीचं नाव निघतं.

मारलं असेल तर ते सिद्ध करायचं कोणी? कोठडीत साक्षीदार म्हणजे दुसरे पोलीस. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच एका निकालात म्हटलं की अशा प्रकरणात पोलीस आपल्या सहकाऱ्याविरुद्ध बोलत नाहीत, बंधुभाव आड येतो. त्याच्या दहा वर्षं आधी, १९८५ मध्ये, विधी आयोगानं आपल्या ११३ व्या अहवालात साधी सूचना केली होती. माणूस पोलिसांच्या ताब्यात असताना त्याला जखमा झाल्या, तर त्या ताब्यात ठेवणाऱ्या अधिकाऱ्यानं केल्या असं न्यायालयाला गृहीत धरता यावं आणि खुलासा अधिकाऱ्यानं द्यावा. चाळीस वर्षं झाली. २०२३ मध्ये मुख्य फौजदारी कायदे नव्यानं लिहिले, तेव्हाही ही तरतूद आली नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं १९९७ मध्ये सही केली, मान्यता अजून दिलेली नाही. मला याचा राग येतो, आणि तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही.

मग अशा प्रकरणात कधी शिक्षा होते का? होते, आणि कशामुळे होते ते बघण्यासारखं आहे. ११ नोव्हेंबर २००६ ला रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैयाला वाशीतून मित्रासह उचललं, आणि त्याच संध्याकाळी वर्सोव्यात तो चकमकीत मारला गेल्याचं जाहीर झालं. त्याचा भाऊ वकील. भावाला उचलल्याचं कळताच त्यानं वरिष्ठांना तारा आणि फॅक्स पाठवले, चकमकीची बातमी येण्याआधी. त्यांवर वेळ होती. पोलिसांच्या कागदावर अचानक समोरासमोर आलेला गुन्हेगार होता, आणि तारेच्या वेळेनुसार तो आधीच ताब्यात होता. पुढचा रस्ता सोपा नव्हता. बरोबर उचललेला मित्र साक्ष द्यायच्या आधीच, २०११ मध्ये, बेपत्ता झाला आणि नंतर त्याचा मृतदेह मिळाला. तरी २०१३ मध्ये सत्र न्यायालयानं तेरा पोलिसांना दोषी ठरवलं, आणि मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांची सुटका रद्द करून त्यांनाही जन्मठेप दिली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. पण एवढ्या मोठ्या यंत्रणेपुढे जे टिकलं ते काय होतं? वेळ घातलेला एक कागद. तो बाहेरच्या माणसाला लिहावा लागला, कारण आतल्या माणसानं लिहिला नाही.

चौकशीच्या नावाखाली जे चालतं त्याबद्दल फार लिहीत नाही, तू आत जाऊन पाहशीलच. आरोप झाला की अधिकाऱ्याला ठाण्यातून काढून ‘कंट्रोलला जमा’ करतात. गवगवा वाढला तर निलंबन, मग विभागीय चौकशी, आणि वातावरण निवळलं की दुसऱ्या ठाण्यात नेमणूक. प्रकाश सिंग प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वतंत्र तक्रार प्राधिकरण सांगितलं. आपल्याकडे त्यासाठी पोलीस कायद्यात दुरुस्ती व्हायला २०१४ उजाडलं. त्या प्राधिकरणाला स्वतःहून कोणाला शिक्षा देता येत नाही, अहवाल सरकारकडे जातो. एक गोष्ट मात्र नव्या फौजदारी प्रक्रियेच्या संहितेत बरी झाली. लोकसेवकावर खटल्याची मंजुरी सरकारनं १२० दिवसांत द्यायची की नाही ते ठरवायचं, नाहीतर ती दिली असं समजायचं. ख्वाजा युनूसच्या वेळी हे नव्हतं.

तुझी बाजू मला कळत नाही असं समजू नकोस. गणपती, नवरात्र, मोर्चे, निवडणुका, चौदा-चौदा तास बंदोबस्त, सुट्टी रद्द, क्वार्टर गळकं. दमलेला माणूस लवकर हात उचलतो, हेही खरं आहे, आणि त्याला तसा दमवणाऱ्यांकडे कोणी जाब मागत नाही याचं मला वाईट वाटतं. खोट्या आरोपाची तुझी भीतीही खरी आहे. पण बाळू, खोट्या आरोपातून पोलिसाला काय वाचवतं? अटक केल्याची वेळ आणि नातेवाइकांना कळवल्याची नोंद. पंचाची सही असलेला अटक पंचनामा. कोठडीत टाकण्याआधीची वैद्यकीय तपासणी आणि दर अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा. डी. के. बसू निकालात १९९६ मध्ये हे सगळं सांगितलंय. २०२० मध्ये ठाण्यात आणि लॉकअपमध्ये आवाजासह कॅमेरे लावायचा, चित्रण अठरा महिने, ते शक्य नसेल तर किमान वर्षभर ठेवायचा आदेश झाला. प्रामाणिक अधिकाऱ्याला त्या कॅमेऱ्याइतका मोठा साक्षीदार मिळणार नाही. तो बंद पडला तर दुरुस्तीचं पत्र त्याच दिवशी तू काढ आणि त्याचा जावक क्रमांक डायरीत घाल.

एक दिवस असा येईल की तुझा वरिष्ठ म्हणेल, ‘अटक उद्या सकाळी दाखव’, नाहीतर ‘जखम आधीची होती असं लिही’. बरोबरची माणसं वाईट नसतील. तुझ्या डब्यातलं खाणारी, तुझ्या लग्नात नाचलेली असतील. त्यांना वाचवायचं म्हणून तुझ्या हाताला पेन देतील. तेव्हा खरी वेळ लिही आणि खाली सही कर. डॉक्टरकडे नेलेल्या माणसाला बोलायला दोन मिनिटं एकटं सोड, आणि रिमांडला त्याचा हात दुसऱ्या कोणाच्या हातात दे. बदली झाली तर होऊ दे. कुठल्याही जिल्ह्यात टाकलं तरी एसटी जाते, मी येईन तुझ्याकडे.

तुझी,
आत्या